दूर-अवरक्त अवकाश दुर्बिणी आणि त्यांच्या उपकरणांच्या चाचण्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दृश्य प्रकाशात टिपलेली तेजोमेघांची आणि दीर्घिकांची चित्रे सर्वांच्या परिचयाची आहेत. त्याच तेजोमेघांची थंड, काळोखी बाजू पाहणाऱ्या दुर्बिणींविषयी मात्र वाचकांना बरेच प्रश्न पडतात आणि त्यांतले सर्वांत चांगले प्रश्न चाचण्यांविषयी असतात. पुढील उत्तरांत युरोपीय अवकाश संस्थेची हर्शेल वेधशाळा हे मुख्य उदाहरण घेतले आहे. या क्षेत्रात आजवर अवकाशात गेलेला सर्वांत मोठा आरसा तिचाच होता आणि तिच्या चाचण्यांतून मिळालेले धडे आजही उपयोगी पडत आहेत.

दूर-अवरक्त किरण म्हणजे नेमके कोणते, आणि त्यांत काय दिसते?

तांबड्या रंगाच्या पलीकडे अवरक्त किरणांचा विस्तृत पट्टा आहे. त्यातील साधारण ३० ते ३०० मायक्रॉन तरंगलांबीच्या भागाला दूर-अवरक्त म्हणतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार किरण बाहेर टाकते आणि ते कोणत्या तरंगलांबीला सर्वाधिक असतील हे एका सोप्या भागाकाराने काढता येते : २९०० या संख्येला केल्विनमधील तापमानाने (शून्य केल्विन म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअस) भागावे, म्हणजे उत्तर मायक्रॉनमध्ये मिळते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५८०० केल्विन असल्याने त्याचे उत्तर ०.५ मायक्रॉन, म्हणजे दृश्य प्रकाश, असे येते. माणसाच्या शरीराचे उत्तर नऊ-दहा मायक्रॉन येते, तर ताऱ्यांच्या दरम्यान पसरलेल्या २० केल्विन तापमानाच्या धुळीचे १४५ मायक्रॉन येते.

ही धूळ ताऱ्यांचा प्रकाश शोषून घेते आणि तीच ऊर्जा दूर-अवरक्त किरणांच्या रूपाने परत करते. विश्वाच्या इतिहासात ताऱ्यांनी दिलेल्या प्रकाशापैकी जवळपास निम्मी ऊर्जा अशी धुळीतून रूपांतरित होऊन आपल्यापर्यंत येते. जन्माला येणारे तारे याच धुळीच्या गर्भात असतात. त्यामुळे केवळ दृश्य प्रकाशावर विसंबून ताऱ्यांच्या जन्माचा अभ्यास करणे म्हणजे बंद दाराबाहेर उभे राहून घरातील हालचालींचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

हे किरण जमिनीवरील दुर्बिणीतून का पाहता येत नाहीत?

वातावरणातील पाण्याची वाफ ते जवळजवळ पूर्णपणे शोषून घेते. चिलीतील आटाकामाच्या पाच हजार मीटर उंचीच्या कोरड्या पठारावरूनही या पट्ट्याच्या लांब टोकाकडील मोजक्याच खिडक्या उघडतात. म्हणून विमान, बलून किंवा उपग्रह हेच मार्ग उरतात. बोइंग ७४७ विमानात २.५ मीटरची दुर्बीण बसवलेली सोफिया ही वेधशाळा बहुतेक सर्व बाष्पाच्या वरून उडत असे. तिचे काम सप्टेंबर २०२२ मध्ये थांबले.

अवकाशात नेल्यावरही दुर्बीण इतकी थंड का ठेवावी लागते?

कारण दुर्बीण स्वतःच उजळत असते. वर सांगितलेला भागाकार आरशालाही लागू पडतो. खोलीच्या तापमानाचा आरसा दूर-अवरक्त किरणांत इतका तेजस्वी असतो की, त्यातून आकाश पाहणे म्हणजे भर दुपारी तारे शोधण्यासारखे होईल. येथे दुर्बिणीचा खरा शत्रू अंधार नसून ऊब आहे आणि पुढील बहुतेक सर्व उत्तरे याच एका गोष्टीभोवती फिरतात.

हर्शेलला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर दूर, दुसऱ्या लाग्रांज बिंदूभोवती (सूर्य-पृथ्वी यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे यान पृथ्वीच्या सोबतीने सूर्याभोवती फिरत राहू शकते अशा जागेभोवती) ठेवण्यामागेही हेच कारण होते. तिथून सूर्य, पृथ्वी आणि चंद्र साधारण एकाच बाजूला राहतात. त्यामुळे एका छत्रीआड उभे राहून आरशाला अवकाशाच्या थंडीत निवू देता येते. कोणत्याही शीतकाविना हर्शेलचा आरसा सुमारे ८५ केल्विनपर्यंत, म्हणजे शून्याखाली जवळजवळ १८८ अंश सेल्सिअसपर्यंत, थंड झाला.

हर्शेलचा आरसा कसा बनवला होता?

त्याचा व्यास ३.५ मीटर होता. सिलिकॉन कार्बाइडच्या बारा पाकळ्या एकमेकींना सांधून एकसंध थाळी तयार केली गेली आणि ती इतकी घासली गेली की, तिची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर उरली. फिनलंडमध्ये तिला चकाकी दिली गेली आणि स्पेनमधील कालार आल्तो वेधशाळेत तिच्यावर ॲल्युमिनियमचा थर चढवण्यात आला. हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा काचेचा आरसा एकटाच आठशे किलोंहून जड आहे. हर्शेलची आरशांसह संपूर्ण दुर्बीण सुमारे तीनशे किलोंची होती. तरंगलांबी मोठी असल्याने पृष्ठभागातील काही मायक्रॉनांची चूक येथे खपते, दृश्य प्रकाशात ती मुळीच खपली नसती.

थंडीत आरशाचा आकार आणि त्याचा केंद्रबिंदू किती सरकतो, हे बेल्जियममधील लिएज येथील अवकाश केंद्राच्या निर्वात टाकीत आरसा थंड करून मोजले गेले. हे मोजमाप अत्यावश्यक होते, कारण या दुर्बिणीला अवकाशात केंद्रबिंदू जुळवून घेण्याची सोयच नव्हती. जमिनीवर जे जुळले तेच कायमचे.

आरसा ८५ केल्विनवर चालत असेल, तर उपकरणांना त्याहून कितीतरी थंड का ठेवले?

आरशापेक्षा डिटेक्टर, म्हणजे किरण टिपणारे भाग, कितीतरी नाजूक असतात. हर्शेलच्या पोटात २,३०० लिटरांहून अधिक अतिप्रवाही (घर्षणाविना वाहणारे) द्रवरूप हेलियम भरलेला क्रायोस्टॅट, म्हणजे एक प्रचंड थर्मास, होता. हेलियमचे तापमान सुमारे १.७ केल्विन होते आणि ते हळूहळू उकळत असताना त्याची थंड वाफ उपकरणांभोवती फिरवून तिचाही उपयोग करून घेतला जाई. पण बोलोमीटर नावाच्या डिटेक्टरांना तेही पुरत नाही, त्यांना ०.३ केल्विन लागते. त्यासाठी हेलियमचे दुर्मीळ समस्थानिक, हेलियम-३, वापरणारे छोटे शीतक बसवलेले होते. सुमारे दोन तास पुनर्भरण केले की, ते जवळपास दोन दिवस चालत.

बोलोमीटर हा मुळात एक तापमापकच आहे : किरण पडला की तो किंचित तापतो आणि ते तापणे विजेच्या रोधातील बदलातून मोजले जाते. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लोलकातून पडलेल्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवून अवरक्त किरण शोधले, तेही याच तत्त्वावर. दोन शतकांनी त्यांचेच नाव धारण करणाऱ्या वेधशाळेने त्यांचीच पद्धत केल्विनच्या अंशांपर्यंत खाली नेली, हे आम्हाला विज्ञानाच्या इतिहासातील फार सुंदर नाते वाटते.

हर्शेलवर कोणती उपकरणे होती?

तीन होती. पॅक्स हा कॅमेरा व वर्णपटमापक जर्मनीतील गार्किंग येथील माक्स प्लांक संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाला. तो ७०, १०० आणि १६० मायक्रॉनांत चित्रे घेई. स्पायरचे नेतृत्व वेल्समधील कार्डिफ विद्यापीठाकडे होते आणि तो २५०, ३५० व ५०० मायक्रॉनांत पाही. हायफाय हे नेदरलँड्समधील स्रॉन संस्थेचे उपकरण चित्रे घेत नसे. ते रेडिओप्रमाणे विशिष्ट वारंवारितेला जुळवून घेऊन पाणी, कार्बन अशा रेणू-अणूंच्या वर्णरेषा अतिशय बारकाईने वेगळ्या करी.

अशा उपकरणांची जमिनीवर चाचणी कशी घेतात?

टप्प्याटप्प्याने, आणि खूप धीराने. आधी एकेक डिटेक्टर, मग त्यांचे संच, मग संपूर्ण उपकरण, आणि शेवटी तिन्ही उपकरणे बसवलेले पूर्ण यान, अशा क्रमाने त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा तपासल्या जातात. स्पायरची तपासणी इंग्लंडमधील रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत झाली, पॅक्सची गार्किंगमध्ये आणि हायफायची खोनिंगेन येथे. यानाची जुळणी जर्मनीतील फ्रीडरिशहाफेन येथे झाली, तर नेदरलँड्समधील नॉर्डवाइक येथील युरोपीय अवकाश संस्थेच्या तंत्रज्ञान केंद्रात ते अवकाशासारखी स्थिती निर्माण करणाऱ्या महाकाय निर्वात टाकीत ठेवण्यात आले.

उपकरणाच्या चाचणीतील पहिली अडचण म्हणजे खुद्द प्रयोगशाळा. खोलीच्या भिंती, माणसे, टेबल, सर्वच वस्तू ३०० केल्विनच्या आसपास उजळत असतात. अवकाशात अंधूक आकाश पाहण्यासाठी बनवलेल्या डिटेक्टरासमोर खोली उघडी केली, तर तो तत्काळ दिपून जातो. म्हणून उपकरण चाचणीसाठीच बनवलेल्या क्रायोस्टॅटमध्ये ठेवतात, त्याभोवती एकात एक बसणारी थंड आवरणे असतात आणि बाहेरचा प्रकाश आत घ्यायचाच असेल, तर तो गाळण्यांच्या मालिकेतून अत्यंत क्षीण करून घेतात. एखाद्या आवरणाला राहिलेली केसाएवढी फटही मोजमाप बिघडवते. अशा भटक्या प्रकाशाचा उगम शोधण्यात चाचणीचा मोठा काळ जातो.

ओळखीचा प्रकाश म्हणून क्रायोस्टॅटच्या आत एक कृष्णिका ठेवतात. ही ठरावीक तापमानाला धरलेली काळी पोकळी असते आणि तिच्यातून किती किरण निघतील हे भौतिकीच्या नियमांवरून आधीच नेमके ठाऊक असते. कृष्णिकेचे तापमान बदलत जायचे आणि डिटेक्टराचे उत्तर नोंदवत जायचे, यातून त्याची संवेदनक्षमता ठरते. डिटेक्टर आकाशाचा किती भाग पाहतो हे तपासण्यासाठी क्रायोस्टॅटबाहेर दुर्बिणीची नक्कल करणारी आरशांची रचना उभारतात आणि लेसरचा किंवा तप्त स्रोताचा ठिपका डिटेक्टरांवरून फिरवतात. या मार्गातील हवेतले बाष्पही किरण खात असल्याने तिथे कोरडा नायट्रोजन भरावा लागतो. हायफायसाठी तर ठरावीक वायू भरलेली नळी प्रकाशाच्या वाटेत ठेवली गेली. त्या वायूच्या वर्णरेषा कुठे आणि किती ठळक यायला हव्यात हे माहीत असल्याने उपकरणाची सचोटी पडताळता आली.

दुसरी अडचण आकुंचनाची. खोलीच्या तापमानापासून हेलियमच्या तापमानापर्यंत नेल्यावर ॲल्युमिनियम सुमारे ०.४ टक्के आखडते. एक मीटर लांबीमागे हा फरक चार मिलिमीटर होतो. उबेत अचूक बसवलेले आरसे आणि भिंगे थंडीत जागा सोडणार, हे गृहीत धरूनच जुळणी करावी लागते. ०.३ केल्विनवरचा भाग केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याच्या बारीक दोरांनी टांगलेला असतो, कारण हे दोर उष्णता फारशी वाहून नेत नाहीत आणि प्रक्षेपणाचे हादरेही सोसतात. ते पुरेसे ताठ आहेत की नाहीत, हे कंपनयंत्रावर तपासतात. ताठपणा वाढवावा तर उष्णता आत शिरते आणि कमी करावा तर डिटेक्टर थरथरून खोटे संकेत देतो.

तिसरी अडचण वेळेची. क्रायोस्टॅट थंड व्हायला अनेक दिवस लागतात. आत एखादी तार सुटली, तर थेट झाकण उघडता येत नाही, कारण थंड पृष्ठभागावर हवा आणि बाष्प गोठून बसेल. आधी सर्व ऊबेला आणायचे, मग उघडायचे, दुरुस्त करायचे आणि पुन्हा थंड करायचे. त्यामुळे थंड असलेल्या प्रत्येक तासाचा चाचणीक्रम आधी लिहून ठेवलेला असतो आणि तज्ज्ञ पाळीपाळीने रात्रंदिवस बसतात.

जमिनीवर काय तपासता येत नाही?

सर्वांत मोठी गोष्ट गुरुत्वाकर्षणाची अनुपस्थिती. पृथ्वीवर द्रव हेलियम टाकीच्या तळाशी राहते आणि वाफ वरून बाहेर पडते. अवकाशात वर आणि खाली हा भेदच उरत नाही, त्यामुळे द्रवच निसटून जाण्याचा धोका असतो. त्यावर उपाय म्हणजे सच्छिद्र पदार्थाचे बूच : अतिप्रवाही हेलियमच्या विलक्षण गुणधर्मामुळे बुचाच्या दोन बाजूंतील तापमानाचा फरक द्रवाला मागे ढकलतो आणि केवळ वाफ बाहेर जाते. १९८३ मध्ये इरास या उपग्रहाने अतिप्रवाही हेलियमाची टाकी अवकाशात यशस्वीपणे चालवली, तेव्हापासून हा मार्ग विश्वासाचा झाला. हेलियम-३ च्या शीतकातही द्रव स्पंजासारख्या पदार्थात धरून ठेवतात. जमिनीवर मात्र या शीतकाचे पुनर्भरण त्याच्या ठेवणीवर अवलंबून असते, म्हणून त्याचा कल सांभाळूनच चाचण्या कराव्या लागतात.

दुसरी गोष्ट वैश्विक किरणांची. अवकाशात हे कण डिटेक्टरांवर सतत आदळतात आणि पॅक्सच्या वर्णपटमापकातील जर्मेनियमचे डिटेक्टर अशा माऱ्यानंतर काही काळ वेगळेच वागू लागतात. बेल्जियममध्ये प्रोटॉनांचा झोत सोडून त्याचा अभ्यास झाला, तरीही कणांचे अवकाशातील खरे मिश्रण प्रयोगशाळेत जसेच्या तसे उभे करता येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे संपूर्ण साखळीची एकत्रित चाचणी. ८५ केल्विनचा आरसा, त्यामागे आकाश आणि त्यापुढे उपकरणे, अशी हर्शेलची पूर्ण मांडणी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने एकत्र चालली ती १४ जून २००९ रोजी, क्रायोस्टॅटचे झाकण अवकाशात उघडले तेव्हा. पॅक्सने घेतलेले एम५१ या सर्पिल दीर्घिकेचे चित्र लगेचच हाती आले आणि ते रेखीव होते. लिएजमधील मोजमाप बरोबर ठरल्याची ती पावती होती.

इतक्या चाचण्या करूनही बिघाड होतात का?

होतात. ऑगस्ट २००९ च्या सुरुवातीस हायफाय अचानक बंद पडले. संदर्भ लहरी तयार करणाऱ्या भागाच्या नियंत्रक यंत्रणेत बहुधा एका वैश्विक कणामुळे स्मृतीतील नोंद बदलली, त्यातून आपत्कालीन बंद होण्याचा क्रम सुरू झाला आणि त्या क्रमात उसळलेल्या विद्युतदाबाने वीजपुरवठ्यातील एक डायोड निकामी झाला. उपकरणाची दुसरी, राखीव बाजू शाबूत होती. पण तोच प्रकार पुन्हा घडू नये यासाठी आज्ञावली बदलेपर्यंत ती सुरू करण्यात आली नाही. जानेवारी २०१० मध्ये हायफाय पुन्हा कामाला लागले.

या घटनेत प्रत्येक भाग आपापल्या परीने ठरल्याप्रमाणेच वागला. घटनांची ती विशिष्ट साखळी मात्र कोणाच्या चाचणीक्रमात नव्हती. आमच्या मते राखीव बाजू बाळगणे आणि ती सुरू करण्याची घाई न करणे, हे दोन्ही निर्णय त्या मोहिमेतील सर्वांत शहाणपणाचे निर्णय होते.

अवकाशातून आलेले मोजमाप खरे आहे, हे कसे ठरवतात?

ज्यांचे तेज आधीच चांगले माहीत आहे अशा ज्योतींकडे वारंवार पाहून. स्पायरच्या कॅमेऱ्यासाठी नेपच्यून हा मुख्य मापदंड होता, त्याच्या वर्णपटमापकासाठी युरेनस. पॅक्सने काही तारे वापरले आणि त्यांना लघुग्रहांची जोड दिली. जमिनीवरील कृष्णिकेचे आकडे आणि ग्रहांवरून मिळालेले आकडे जुळवून पाहणे, याला अंशांकन म्हणतात आणि ते मोहीम संपल्यावरही बराच काळ चालू राहते.

हर्शेलमधून हाती काय आले?

पुष्कळ. आपल्या परिसरातील ढगांमध्ये वायू आणि धूळ लांबलचक तंतूंच्या रूपात विणलेली असते आणि ताऱ्यांची बीजे बहुतांशी या तंतूंवर मण्यांसारखी ओवलेली असतात, हे स्पष्ट झाले. हार्टली-२ या धूमकेतूच्या पाण्यातील जड हायड्रोजनचे प्रमाण पृथ्वीवरील समुद्रासारखे असल्याचे २०११ मध्ये दिसले. सेरेस या बटुग्रहाभोवती पाण्याची वाफ असल्याची खात्री २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. क्रॅब तेजोमेघात अरगॉन या निष्क्रिय वायूचे संयुग सापडेल, असे तर कोणी अपेक्षिलेही नव्हते.

हेलियम संपल्यावर काय झाले?

२९ एप्रिल २०१३ रोजी हेलियम संपले आणि उपकरणे तापून आंधळी झाली. शिल्लक हेलियम मोजण्याची पद्धतही मनोरंजक होती : टाकीत मोजून मापून थोडी उष्णता सोडायची आणि तापमान किती वाढले यावरून वस्तुमान काढायचे. पण प्रत्येक मोजणीत थोडे हेलियम खर्च होई, म्हणून ती क्वचितच केली जाई. यान पुढे सूर्याभोवतीच्या कक्षेत ढकलून जून २०१३ मध्ये बंद करण्यात आले.

जेम्स वेब दुर्बीण हे काम करत नाही का?

नाही. वेबचा आरसा ६.५ मीटरचा आहे, पण तिची दृष्टी सुमारे २८ मायक्रॉनांवर संपते. हर्शेलची ५५ मायक्रॉनांपासून सुरू होत होती. मधला आणि पुढचा पट्टा पाहणारी एकही मोठी अवकाश वेधशाळा आज कार्यरत नाही. या क्षेत्रातील लोकांना ही पोकळी मनापासून सलते.

भारतात या विषयावर काम झाले आहे का?

झाले आहे आणि त्याची नाळ मुंबईशी जोडलेली आहे. कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण तयार करून ती संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून बलूनद्वारे वातावरणाच्या वरच्या थरांत वारंवार पाठवली. तिच्यावरही ०.३ केल्विनपर्यंत थंड केलेले बोलोमीटर होते. पुढे जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने आयनीभूत कार्बनची १५८ मायक्रॉनांची वर्णरेषा मोजणारा वर्णपटमापक तिच्यावर बसवला गेला आणि आपल्या आकाशगंगेतील तारे जन्मणाऱ्या प्रदेशांचे नकाशे तयार झाले.

चाचण्यांच्या दृष्टीने बलूनचा एक मोठा गुण आहे : उपकरण हवाईछत्रीने परत येते. ते उघडून पाहता येते, सुधारता येते आणि पुन्हा पाठवता येते. अशी पेटी शेतात उतरलेली दिसल्यास तिला हात न लावता कळवावे, असे आवाहन संस्था उड्डाणांपूर्वी करते आणि त्यामागे हेच कारण असते. उपग्रहासाठी ठरवलेले डिटेक्टर आधी बलूनवर तपासून पाहण्याची पद्धत जगभर आहे.

पुढील मोहीम कोणती?

जपान आणि युरोप यांची स्पायका ही मोहीम २०२० मध्ये रद्द झाली आणि हा मोठा धक्का होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये नासाने पुढील अभ्यासासाठी निवडलेल्या दोन प्रस्तावांपैकी प्रिमा हा दूर-अवरक्त दुर्बिणीचा आहे. निवडली जाणारी मोहीम २०३२ मध्ये सोडण्याचा बेत आहे. प्रिमाचा आरसा हर्शेलच्या निम्म्याच आकाराचा, १.८ मीटरचा, असेल, पण तो यांत्रिक शीतकांनी ४.५ केल्विनपर्यंत थंड केला जाईल. आरशाची स्वतःची चमक जवळजवळ नाहीशी झाल्याने लहान आरसाही कितीतरी अंधूक गोष्टी पाहू शकतो.

चाचणी घेणाऱ्यांचे काम मात्र याने कठीण होते. हर्शेलच्या डिटेक्टरांना ८५ केल्विनच्या आरशाच्या चमकेत काम करायचे होते, तेवढी काळोखी प्रयोगशाळा त्यांना पुरली. प्रिमाच्या अतिवाहक डिटेक्टरांसाठी त्याहून कितीतरी गडद अंधार जमिनीवर निर्माण करावा लागेल, आणि त्याच वेळी शीतकांची यांत्रिक थरथर डिटेक्टरांपर्यंत पोहोचत नाही, हेही सिद्ध करावे लागेल.

विद्यार्थ्यांना हर्शेलची निरीक्षणे पाहता येतात का?

येतात, आणि विनामूल्य. हर्शेलची ३५ हजारांहून अधिक निरीक्षणे माद्रिदजवळील युरोपीय अवकाश खगोलशास्त्र केंद्राच्या संग्रहात सर्वांसाठी खुली आहेत. सुरुवात करायची असेल, तर ओरायन किंवा गरुड तेजोमेघाचे पॅक्सचे ७० मायक्रॉनांचे आणि स्पायरचे २५० मायक्रॉनांचे चित्र उतरवून घ्यावे आणि शेजारी शेजारी ठेवावे. एकात नवजात ताऱ्यांनी तापवलेली धूळ उठून दिसेल, दुसऱ्यात अजून न तापलेली. चित्रे पाहताना एकच काळजी घ्यावी : स्पायरच्या २५० मायक्रॉनांच्या चित्रातील सर्वांत लहान ठिपका सुमारे १८ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आणि ५०० मायक्रॉनांच्या चित्रातील सुमारे ३६ विकलांचा असतो, त्यामुळे दोन तरंगलांबींची तेजे भागून तापमान काढण्याआधी दोन्ही चित्रे सारख्याच धूसरतेवर आणावीत.